नोबिता मांडवातून पळाला

डोरेमॉन हे नाव ज्या घरात ठाऊक नाही असे घर सोलापुरात शोधायचे म्हटले, तर जिथे लहान मूल नाही अशाच घरात जावे लागेल. सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्ड्यावर त्याचे फुगे असतात, नव्या पेठेत त्याची दप्तरे टांगलेली असतात आणि वाढदिवसाच्या केकवर तो निळ्या साखरेत बसलेला असतो. २००५ साली हंगामा वाहिनीवर तो हिंदी बोलू लागला आणि आपल्या घरांतली मुले शाळेत जाण्याआधीच हिंदी बोलू लागली. सोलापूरला त्याचे फारसे काही वाटले नाही. ज्या गावात मूल घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी आणि गल्लीत दखनी ऐकत वाढते, तिथे आणखी एक पाहुणी भाषा आली म्हणून कोण बिचकणार? बांगलादेश मात्र बिचकला. मुले बंगाली सोडून हिंदी बोलू लागली म्हणून तिथल्या सरकारने २०१३ मध्ये हे हिंदी प्रक्षेपण बंद केले. एका जपानी मांजराने भारताची भाषा बांगलादेशाच्या माजघरात नेली आणि त्यापायी सरकार हलले, ही ताकद काही लहान नव्हे.

म्हणूनच त्याच्या एका चित्रपटाविषयी रविवारच्या पानावर गंभीरपणे लिहायला मला संकोच वाटत नाही. 'स्टँड बाय मी डोरेमॉन २' हा तो चित्रपट. जपानमध्ये तो २० नोव्हेंबर २०२० रोजी लागला, पुढे नेटफ्लिक्सवरून घराघरांत आला आणि आता सुट्टी लागली की कुणा ना कुणाच्या दिवाणखान्यात तो लागतोच. चित्रे देखणी आहेत, संगीत गोड आहे, तंत्र अव्वल आहे. तरीही तो पाहून मला फसवल्यासारखे वाटले आणि माझ्याहून जास्त ते शेजारी बसलेल्या मुलांना वाटले. का, ते सांगायचे तर जरा मागून यावे लागेल.

ज्या आजीआजोबांनी हे कार्टून केवळ शेजारच्या खोलीतून ऐकले आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नोबिता हा प्राथमिक शाळेतला मुलगा. अभ्यासात कच्चा, खेळात त्याहून कच्चा, झोपाळू आणि रडका. जियान नावाचा दांडगट मुलगा त्याला रोज बदडतो. एके दिवशी त्याच्या टेबलाच्या खणातून बाविसाव्या शतकातले एक निळे यंत्र-मांजर बाहेर येते. ते पाठवले आहे नोबिताच्या नातवाच्या नातवाने, सेवाशीने. कशासाठी? हा भाग मला, उभी हयात कर्जखात्यांत घालवलेल्या माणसाला, फार आवडतो. नोबिता मोठेपणी कंपनी काढणार, ती जळणार, बुडणार आणि मागे एवढे कर्ज ठेवणार की चार पिढ्यांनंतरही घर ते फेडतच असणार. सेवाशीला नववर्षाला मिळणारी ओवाळणीसुद्धा त्यापायी चिल्लरच. म्हणून मुळावरच इलाज करायला त्याने हे मांजर भूतकाळात धाडले. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी कर्जदाराच्या बालपणात जायचे, ही कल्पना आमच्या कुठल्याही वसुली खात्याला सुचली नसती!

या पात्रांचा जनक हिरोशी फुजिमोतो. टोपणनाव फुजिको एफ. फुजिओ. १९६९ च्या अखेरीस एका जपानी प्रकाशनसंस्थेच्या मुलांच्या मासिकांत ही चित्रकथा सुरू झाली. ही मासिके इयत्तावार असत. तिसरीच्या मुलांचे वेगळे, चौथीच्या मुलांचे वेगळे. १९७४ च्या मार्चमध्ये तिसरीच्या अंकात फुजिमोतोने गोष्ट संपवायचे ठरवले. डोरेमॉनला परत जायचे आहे, पण नोबिताच्या काळजीने त्याचा पाय निघत नाही. त्याला निर्धास्त जाता यावे म्हणून नोबिता रात्री एकटा जियानशी झुंजतो. मार खातो, पडतो, पण सोडत नाही. शेवटी जियानच कंटाळून हरतो. सकाळी खोली रिकामी असते.

आता गंमत पाहा. पुढच्याच महिन्यात, म्हणजे तीच मुले चौथीत गेली तेव्हा, चौथीच्या अंकात फुजिमोतोने मांजराला परत आणले. एक एप्रिलला मित्र नोबिताला फसवतात. डोरेमॉन जाताना एक औषध ठेवून गेलेला असतो. ते पिऊन जे बोलाल त्याच्या उलट घडते. नोबिता दुःखाने म्हणतो की आता डोरेमॉन येणार नाही, आणि तो आलेला असतो.

तेव्हा 'पुढचा भाग' काढणे हेच मुळात पाप, असे मी म्हणणार नाही. खुद्द लेखकानेच आपला शेवट महिन्याभरात मागे घेतला आहे. पण घेताना त्याने काय परत घेतले, ते पाहावे. त्याने मांजर परत दिले; त्या रात्रीच्या झुंजीला हात लावला नाही. नोबिता जिंकला होता, तो जिंकलेलाच राहिला. पुढच्या अंकांत तो पुन्हा रडका झाला हे खरे, पण तो मासिकाचा स्वभाव आहे. आपला चिंटू १९९१ पासून वर्तमानपत्रात येऊ लागला, त्याची इयत्ता कुणी विचारली का? अशा चित्रमालिकेत काळ चालत नाही, हा वाचकाशी झालेला करार असतो आणि लहान मुले तो न वाचताच सही करतात.

चित्रपटांच्या मालिकेतही हाच करार पाळला गेला. १९८० साली पहिला डोरेमॉनपट आला, त्यात नोबिता डायनासोरचे पिल्लू वाढवतो. तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी, बहुधा जपानी शाळांच्या मार्चमधल्या सुट्टीच्या सुमारास, एक नवा चित्रपट. २००५ चे वर्ष तेवढे रिकामे गेले. कधी समुद्राचा तळ, कधी अंतराळ, कधी ढगांतले राज्य. साहस संपले की मंडळी खणातून घरी, आई रागावलेली, गृहपाठ राहिलेला. १९९६ साली फुजिमोतो वारला तो पुढच्या वर्षीच्या चित्रपटाची कथा रेखाटत असतानाच. तरीही माळ तुटली नाही. २०२० मध्ये त्या माळेतला चाळिसावा चित्रपट आला. चाळीस मणी सारखेच तेजस्वी असतील अशी अपेक्षा कुणी धरत नाही. एखादा फिका निघाला तर मुले पुढच्या सुट्टीची वाट पाहतात. त्यातून नुकसान कुणाचेच होत नाही.

'स्टँड बाय मी' ही दोन चित्रपटांची जोडी या माळेबाहेरची आहे. आणि तिथेच मेख आहे.

२०१४ चा पहिला 'स्टँड बाय मी' हा संगणकावर केलेला त्रिमितीतला चित्रपट. दिग्दर्शक दोघे, रयुइची यागी आणि ताकाशी यामाझाकी. त्यांनी जाणूनबुजून जुना करार मोडला आणि काळ चालू दिला. फुजिमोतोच्या निवडक गोष्टी ओवून त्यांनी एक आयुष्य उभे केले. सेवाशीने मांजराला बजावलेले असते की नोबिता सुखी झाल्याशिवाय परत यायचे नाही. आणि झाला की अठ्ठेचाळीस तासांत परत यायचे. म्हणजे खाते उघडतानाच ते बंद होण्याची अट लिहिलेली. लग्नाच्या आदल्या रात्री शिझुका वडिलांपाशी हळवी होते, तेव्हा ते तिला समजावतात की दुसऱ्याच्या सुखाने सुखावणारा आणि दुसऱ्याच्या दुःखाने कळवळणारा मुलगा तू निवडलास, तुझे चुकलेले नाही. मराठी घरात हे दृश्य पाहताना आई-मावश्यांच्या डोळ्यांना पदर लागले नाहीत तरच नवल. याच चित्रपटात तरुण नोबिताला डोरेमॉनला भेटायची संधी येते आणि तो ती घेत नाही. तो माझ्या लहानपणचा सोबती आहे, असे काहीसे म्हणतो आणि आपल्या वाटेने जातो. एवढ्याशा नकारातून माणूस मोठा झाल्याचे कळते. मग ती झुंज, तो निरोप, ते औषध. जपानमध्ये या चित्रपटाने सुमारे ८३८ कोटी येन मिळवले.

सहा वर्षांनी दुसरा भाग आला. दिग्दर्शक तेच, पात्रे तीच, तंत्र आणखी सफाईदार. आरंभ तर फार सुंदर आहे. नोबिताला एक जुने, ठिगळ लावलेले कापडी अस्वल सापडते. ते शिवून देणारी आजी कधीच वारलेली आहे. मुलगा काळयंत्रातून तिला पाहायला जातो. हे फुजिमोतोच्या एका जुन्या, अगदी छोट्या गोष्टीतले. आपला नातू एवढा कसा वाढला याचा हिशेब आजी मागत नाही. मी नोबिता, असे तो म्हणतो आणि ती मानते. मी तुझ्यावर अविश्वास कशाला दाखवू, हा तिचा भाव. ती म्हणते, तुला शाळेत जाताना पाहायचे होते. तो दप्तर आणून दाखवतो. मग ती म्हणते, आता सूनमुख तेवढे पाहिले की झाले. मूळ गोष्ट या इच्छेपाशी आली की थोडक्यात आटोपते.

चित्रपटवाल्यांनी नेमकी ती इच्छा धरली आणि तिच्यावर मजला चढवला. आजीला लग्न दाखवायला नोबिता भविष्यात जातो, तर मांडवात नवरा नाही! शिझुकाला आपण सुखी ठेवू शकू की नाही या धास्तीने मोठा नोबिता काळयंत्र घेऊन स्वतःच्या बालपणात पळालेला. तिथे लहान नोबिताशी शरीराची अदलाबदल करून तो मित्रांबरोबर खेळू लागतो. इकडे लहान नोबिताला मोठ्याच्या रूपात लग्नात उभे राहून वेळ मारून न्यावी लागते. पुढे अदलाबदलीच्या दोरीचा घोळ, स्मृती जाण्याची भीती, धावपळ आणि शेवटी व्हायचे ते होते. आजीची इच्छा पुरी होते.

आमच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत हा चित्रपट लागला तेव्हा सोलापुरी चादर अंथरून पाच-सहा मुले बसली होती. मधे शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचे तुकडे. अर्ध्यावर आल्यावर एक पोरगा जवळजवळ ओरडलाच, "पळाला बे हा!" बाकीचे हसले. नात हसली नाही. तिने मान वळवून मला विचारले, "आजोबा, पण पहिल्या पिक्चरमध्ये ह्याचं सगळं नीट झालं होतं ना?"

माझी तक्रार तिच्या या प्रश्नाहून फार मोठी नाही. पहिल्या भागात ज्याचे सगळे नीट झाले, त्याला पुन्हा बिघडवल्याशिवाय दुसरा भाग उभाच राहत नव्हता. लग्नाच्या सकाळी माणसाच्या पोटात गोळा येतो हे मान्य. मीही मांडवात उभा राहिलो आहे. पण ज्या तरुणाने डोरेमॉनची भेटसुद्धा समजूतदारपणे नाकारली होती, तोच सहा वर्षांनी बालपणात दडी मारायला निघतो, तेव्हा दोन्ही खरे असू शकत नाही. एकतर पहिल्या भागातले मोठेपण खोटे होते किंवा दुसऱ्या भागातले पळणे खोटे आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर, कर्ज फिटले म्हणून दाखला देऊन बंद केलेले खाते पुन्हा उघडायचे आणि त्यात थकबाकी दाखवायची. असा प्रकार माझ्या टेबलावर आला असता तर मी आधी सही कुणाची आहे ते पाहिले असते.

आणि शिझुका? पहिल्या भागात निदान तिला वडील होते, शंका होती, बोलायला दोन वाक्ये होती. दुसऱ्या भागात तिच्या वाट्याला वाट पाहणे आणि समजून घेणे एवढेच येते. ज्या देशात भर मांडवातून नवरा निघून गेला की मुलीच्या घरावर काय कोसळते हे लहान मुलींनाही ठाऊक असते, तिथे हे गोड संगीत लावून खपवणे मला तरी जड गेले. जपानमध्ये ते हलके असेल असेही मला वाटत नाही. मुली ते बघतात. मुले हसत होती तेव्हा नात का हसली नाही, याचे दुसरे कारण मला सुचत नाही.

पण सगळ्यात जास्त वाईट वाटले ते आजीचे. चित्रपट आला ते वर्ष आठवा. २०२० आणि त्यानंतरचे २०२१. जगभर कितीतरी आज्या शेवटचे तोंड न दाखवता गेल्या. सोलापुरातही गेल्या. ज्यांना स्मशानात नेता आले नाही, ज्यांच्या पलंगापाशी बसता आले नाही अशा म्हाताऱ्यांची नातवंडे घरोघर आहेत. परत एकदा आजीला भेटता आले तर, ही गोष्ट त्या वर्षांत एवढी प्रत्येकाची होती की लेखकाला आणखी काही जोडायची गरज नव्हती. चित्रपट करमणुकीसाठी आधीच ठरला होता, साथ कुणाला ठाऊक होती, हे मान्य. तरीही हातात एवढे खणखणीत नाणे असताना त्याची मोड करून आणायची काय गरज होती? दोरीच्या घोळात आजी चित्रपटभर मागे पडते आणि शेवटी साक्षीदारासारखी हजर केली जाते. तिच्या इच्छेला कथेत किंमत उरते ती लग्नाचे निमित्त म्हणून.

असे का झाले असेल? पहिल्या भागाची जपानमधली जाहिरात 'डोरा-रडे' अशा अर्थाच्या एका घडवलेल्या शब्दाभोवती फिरत होती. चला, सगळे मिळून डोरेमॉनसाठी रडू या! लोक रडले, पैसे आले. मला वाटते निर्मात्यांनी त्यातून चुकीचा निष्कर्ष काढला. रडणे हाच माल आहे असे त्यांना वाटले. लोक रडले होते ते काहीतरी संपत होते म्हणून. ज्याचा शेवट आधीच होऊन गेला आहे त्यावर पुन्हा रडू आणायचे तर नवी जखम करावी लागते, आणि ती नोबिताच्याच अंगावर करावी लागते. शिवाय २०२० हे डोरेमॉनच्या पन्नाशीचे वर्ष. पन्नाशीला सोहळा हवा, सोहळ्याला लग्नाइतका सोयीचा प्रसंग दुसरा कुठला?

दुसऱ्या भागाने जपानमध्ये २८० कोटी येनांच्या आतच मिळवले, पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. महामारीचे वर्ष होते, त्यामुळे ही तुलना सरळ नाही, असे कुणी म्हणेल. म्हणावे. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, मुखपट्ट्या लावूनच, जपानी प्रेक्षकांनी 'डेमन स्लेयर'च्या 'मुगेन ट्रेन'ला एवढी गर्दी केली की तो चित्रपट तिथला आजवरचा सर्वाधिक कमाईचा ठरला. तेव्हा सगळा दोष विषाणूवर टाकता येत नाही.

गुणवत्ता नव्हती म्हणावे, तर तेही नाही. याच यामाझाकीने २०२३ मध्ये 'गॉडझिला मायनस वन' केला. गॉडझिलाची मालिका १९५४ पासूनची, म्हणजे डोरेमॉनहून जुनी, आणि मधल्या काळात तिचे पुरेसे हसेही झालेले. यामाझाकीने राक्षसाला पुन्हा युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जपानात नेले आणि राक्षसापेक्षा त्याच्या पायाखालच्या माणसांकडे जास्त पाहिले. मार्च २०२४ मध्ये त्या चित्रपटाला दृश्यचमत्कृतीचे ऑस्कर मिळाले. जुन्या मालिकेचे काय करायचे हे त्याला कळत नाही असे नव्हे. फरक एवढाच की गॉडझिलाचा पुन्हा जन्म होताना आधीच्या कुणाचे मोठेपण काढून घ्यावे लागले नाही.

आपल्याकडेही हा खेळ चालतोच. 'झपाटलेला' १९९३ चा. तात्या विंचूने एका पिढीला अंथरुणात तोंड खुपसायला लावले. वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, 'झपाटलेला २' त्रिमितीत आला. बाहुला तोच, रामदास पाध्यांचे कसब तेच, पण २००४ साली लक्ष्मीकांत बेर्डे गेलेले होते आणि ती पोकळी चष्मा लावूनही बुजत नव्हती. तरी त्या चित्रपटाने पहिल्याला खोटे पाडले नाही, म्हणून त्याच्यावर राग येत नाही. याउलट उदाहरण भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे. पुस्तकांतला बन्या शाळकरी. २०१७ च्या चित्रपटात तो मोठा झालेला, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला. मी धास्तावूनच पाहायला बसलो होतो. पण मोठा झालेला हा मुलगा पुस्तकातल्या मुलाशी बेइमान झाला नव्हता. तीच आगाऊ चौकशी, तेच नाक खुपसणे. खुद्द भागवतांनाही एक पात्र म्हणून गोष्टीत घेतले, दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने. कथा बरीवाईट म्हणा, पण ज्याने मुलगा घडवला त्याची परवानगी घेतल्यासारखे ते होते.

कुणी विचारेल, मुलांच्या कार्टूनला एवढी चिरफाड कशाला. मुले चार दिवसांत विसरतात. मुले विसरत नाहीत. कुठल्या भागात कुठले यंत्र खिशातून निघाले हे ती आपल्याला तारखेसकट सांगतात. त्यांच्याकडे गोष्टीचा हिशेब असतो आणि तो आपल्यापेक्षा चोख असतो.

त्या दुपारी चादरीवर बसलेल्यांत शेजारचा एक मुलगा होता. त्याची आजी साथीत गेली. अस्वल निघाले तेव्हा तो उठून गॅलरीत गेला आणि आजी दप्तर पाहायला मागते त्या प्रसंगाला परत येऊन मागे उभा राहिला. लग्नाचा गोंधळ सुरू झाल्यावर तो घरीच निघून गेला. त्यानंतर त्या सुट्टीत मुलांनी तो चित्रपट आणखी दोनदा लावला. दोन्ही वेळा आजीचा भाग संपला की कुणीतरी उठायचे आणि बंद करायचे. न ठरवता. मग खाली खेळायला.